माशांतील कृमी सांगतात पाण्याची प्रकृती

मासा चिरताना त्याच्या पोटात पांढरा, फितीसारखा कृमी आढळला, की गिऱ्हाईक नाक मुरडते आणि ज्या तळ्यातून तो आला ते पाणी घाण असणार, असे ठरवून मोकळे होते. हा समज पूर्णपणे खरा नाही. काही प्रकारच्या प्रदूषणाने माशांतील परजीवी वाढतात, तर काही प्रकारच्या प्रदूषणाने ते नाहीसे होतात. त्यामुळे माशाच्या पोटात कृमी नाहीत, एवढ्यावरून पाणी शुद्ध असल्याची ग्वाही देता येत नाही.

मराठवाड्याला या विषयाची जुनी ओळख आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात गोड्या पाण्यातील माशांच्या कृमींचा अनेक दशके अभ्यास झाला आहे. डॉ. जी. बी. शिंदे यांनी मरळ गटातील माशात सापडलेल्या फीतकृमीवरून १९६८ मध्ये ‘सर्कमऑन्कोबोथ्रियम’ ही नवी प्रजाती मांडली. त्यानंतर वाम, मरळ, मागूर अशा माशांतील कृमींची वर्णने या भागातून सातत्याने प्रसिद्ध होत राहिली.

या कृमींचे जीवनचक्र एकाच प्राण्यात पूर्ण होत नाही. फीतकृमीची अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. अनेक जातींत त्यातून निघालेली अळी सायक्लॉप्ससारखा सूक्ष्म कवचधारी जीव गिळतो आणि तो जीव माशाने खाल्ला, की कृमी माशाच्या आतड्यात मोठा होतो. पर्णकृमींच्या साखळीत हेच काम गोगलगाय करते, तर मागूर माशातील काही फीतकृमींच्या साखळीत गाळातील बारीक गांडुळे करतात. प्रदूषणाचा घाव बहुधा या मधल्या पोशिंद्यावर पडतो आणि परजीवीचे भवितव्य तेथेच ठरते.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. फुलकिडे आणि चुरडा-मुरडा यांच्यापासून मिरची वाचवायची, तर शेतकऱ्याला वारंवार फवारणी करावी लागते. अशा शिवारात पहिल्या जोरदार पावसाबरोबर मातीला चिकटलेला औषधांचा व खतांचा अंश ओढ्यानाल्यांतून पाझर तलावात उतरू शकतो. या टापूतील पाणी पुढे पूर्णा नदीच्या खोऱ्यात जाते. खडकपूर्णा आणि येलदरी ही धरणे याच नदीवर आहेत.

त्यातील कीटकनाशक आणि खत यांचे परिणाम परस्परविरोधी असतात. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके सायक्लॉप्ससारख्या जीवांना अत्यल्प मात्रेतही घातक ठरतात. सायक्लॉप्स संपले, की फीतकृमींची साखळी तुटते. नारू रोगाच्या निर्मूलनात हाच मार्ग वापरला गेला. विहिरींत टेमेफॉस टाकून नारूचा वाहक असलेला सायक्लॉप्स मारण्यात आला. पाणी गाळून पिण्याच्या सवयीची त्याला जोड मिळाली आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. तेथे तो मानवाचा विजय होता. तलावात नकळत तेच घडले, तर माशांच्या पिल्लांचे अन्नही त्याबरोबर नष्ट होते.

खतांमुळे मात्र शेवाळ माजते, शेवाळावर गोगलगायी पोसतात आणि त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या पर्णकृमींच्या अळ्या माशांच्या कातडीत, स्नायूंत आणि काही जातींत डोळ्यांतही शिरतात. असा अंधूक दृष्टीचा मासा बगळ्याच्या किंवा पाणकावळ्याच्या तावडीत सहज सापडतो व कृमीचे चक्र पक्ष्याच्या पोटात पूर्ण होते. सांडपाण्याने गाळातील गांडुळे फोफावतात आणि त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या कृमींना वाव मिळतो. प्राणवायू घटला व अमोनिया वाढला, की माशाचे कल्ले आणि अंगावरील बुळबुळीत आवरण यांना इजा होते. मग ट्रायकोडिनासारखे सूक्ष्म परजीवी त्याच्या अंगावर झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यात तलाव तळ गाठतो, थोड्या पाण्यात मासे दाटीने राहतात, तेव्हा हा धोका अधिकच वाढतो.

जड धातूंच्या बाबतीत तर परजीवी मोजमापाचे साधन ठरले आहेत. जर्मनीतील रूर नदीतील माशांची १९९० च्या दशकात तपासणी झाली. त्यांच्या आतड्यातील काटेरी सोंडेच्या कृमींमध्ये माशाच्या मांसापेक्षा सुमारे २,७०० पट अधिक शिसे आढळले. या कृमींना स्वतःची अन्ननलिका नसते. पित्तावाटे आतड्यात आलेले शिसे ते अंगाच्या पृष्ठभागातून शोषून घेतात. पाण्यातील सहजी न मोजता येणारे विष अशा रीतीने कृमीच्या शरीरात साठून दिसू लागते.

खाणाऱ्याच्या दृष्टीने यातील भेद महत्त्वाचा आहे. माशाच्या पोटातील बहुतेक फीतकृमी माशांपुरतेच असतात. मासा नीट साफ करून पूर्ण शिजवला, तर माणसाला बाधू शकणारे कृमीही मरतात. शिसे, कॅडमियम, पारा यांचे तसे नाही. त्यांना चुलीची आच काही करू शकत नाही. गिऱ्हाइकाने परत केलेला कृमीयुक्त मासा जिवंत, समतोल तळ्यातला असू शकतो आणि कौतुकाने घरी नेलेला निष्कलंक मासा विषारी पाण्यातला असू शकतो.

हडसन, डॉब्सन आणि लाफर्टी या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये, परजीवींची विविधता हे निरोगी परिसंस्थेचेच लक्षण तर नव्हे, असा प्रश्न विचारला होता. अनेक जातींचे परजीवी टिकतात, तेव्हा गोगलगाय, सायक्लॉप्स, मासा व पक्षी ही साखळी अखंड असते. सारी विविधता लोपून एखादीच जात बेसुमार वाढली किंवा एकही उरली नाही, तर पाण्यात काहीतरी बिघडले आहे, असे समजावे. तलावांतील पाण्याचे नमुने तपासताना त्यांतील माशांच्या कृमींचीही वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात, जातवार नोंद ठेवली, तर असा बिघाड मासे मरून तरंगू लागण्याआधीच लक्षात येऊ शकेल. त्यासाठी लागणारे ज्ञान मराठवाड्याच्या विद्यापीठात फार पूर्वीपासून आहे.