पार्टी, प्लॉट आणि रेंज

“दिवसाउजेडी जायचं, गिऱ्हाईक चांगल्या घरातलं दिसतं, त्यात धोका कसला?” कर्जत-खालापुरात फार्महाउस विकणाऱ्या एजंटांत हा समज पक्का आहे. पण या धंद्यात अनोळखी माणसाला घेऊन वस्तीपासून लांबच जावं लागतं, आणि दाखवायचा बंगला रिकामाच असतो. 28 जुलै 1986 रोजी लंडनच्या फुलहॅम भागात सुझी लॅम्पलू ही 25 वर्षांची एजंट भर दुपारी घर दाखवायला गेली, ती परतली नाही. तिच्या डायरीत वेळ होती, पत्ता होता, गिऱ्हाइकाचं नावही होतं: मिस्टर किपर. हा किपर कोण, ते आजही सिद्ध झालेलं नाही.

म्हणजे नाव-नंबर लिहून घेतल्याने पार्टी ओळखीची होत नाही. पहिली भेट ऑफिसात ठेवावी, ओळखपत्र बघावं, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो सहकाऱ्याला पाठवावा आणि साइटवर आपल्याच गाडीने जावं. पार्टी रागावेल ही भीती फुकाची. तुमच्याकडे सातबारा मागणाऱ्याला तुम्ही ओळखपत्र मागितलं, तर त्यात अपमान कुठला? चिडलाच, तर व्हायचं ते ऑफिसातच कळलं.

“लाइव्ह लोकेशन चालू आहे ना!” हा नवा गैरसमज. लाइव्ह लोकेशन इंटरनेटवर चालतं. डोंगराच्या कुशीतल्या प्लॉटवर डेटा गेला की नकाशावरचा ठिपका मागच्या वळणावरच थांबतो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी 112 चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. पण टॉवरच नसेल तर तोही नाही. म्हणून निघण्याआधी गाव, गट नंबर आणि परतायची वेळ कुणाला तरी सांगून ठेवावी. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही, तर त्याने गावच्या पोलीस पाटलाला फोन करायचा, हेही आधीच ठरवावं. पोलीस पाटलाचा नंबर मोबाइलमध्ये नसलेल्या एजंटाने त्या गावात प्लॉट विकू नये, असं माझं मत.

हा फक्त बायकांचा प्रश्न आहे, असं पुरुष एजंट म्हणतात. इथल्या जमिनीचं दुखणं त्यांना ठाऊक नसतं असं नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसतो दुसरा, वाटणी झाली ती तोंडी. पार्टी टेप काढून मापं घेऊ लागली की बांधावरून कुणीतरी येतं, आणि बोलाचाली हातघाईवर जायला वेळ लागत नाही. सातबारा कोरा असला तरी ताब्यावरची कुरबूर त्यावर उमटलेली असतेच असं नाही. पार्टी नेण्याआधी एकदा जाऊन कसणाऱ्याशी बोलून यावं. टोकनची रोकडही जवळ बाळगू नये. 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याचीच मनाई आहे.

प्लॉट पावसाळ्यात हिरवा दिसतो, हे खरं. पण 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, आणि ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणून उतार निर्धोक, असं धरू नये. गवतात घोणस, फुरसं असतं. चावलं तर चिरा देणं, करकचून बांधणं नको, 108 ला फोन करून सरळ दवाखाना गाठावा.

“साइट म्हणजे काही ऑफिस नव्हे,” असं सांगून मालक हात झटकतात. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेली गाडी, दोन्ही कामाचंच ठिकाण. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ऑफिसातली महिला तीन महिन्यांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते.

“हद्द आमची नाही” हे पोलिसांचं उत्तरही ऐकून घेऊ नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. गुन्हा खालापुरात घडला आणि तुम्ही घाबरून दादरला घरी पोहोचलात, तर दादरच्या ठाण्यातही तो नोंदवता येतो. पुढे तो खालापूरला पाठवणं हे पोलिसांचं काम.