देणाऱ्याचे ओझे

पाचोऱ्यात आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढताना मला धुळ्याचा तुरुंग आठवतो. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अठरा रविवारी विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली.

विनोबांची मांडणी अशी : बाहेरची कृती हे कर्म, तिच्यात मन ओतणे हे विकर्म. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तेव्हा दोन्ही एकवटतात आणि कर्माचे ओझे उरत नाही, तेच अकर्म. सूर्य उजेड देतो, उपकार मोजत नाही.

मग ज्या हाताने हे लिहून घेतले, त्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी जीवन का संपवले? एकाच कारणावर बोट ठेवणे मला अप्रामाणिक वाटते. माझ्यापुरते एवढे उमगले : नुसते मन ओतून भागत नाही. फळ सोडण्याची अट गीतेत त्याआधीच येते, आणि रुग्ण बरा झालाच पाहिजे हा हट्टही फळच. आता आम्ही रात्रीच्या पाळ्या लावतो. मदत मागणे हाही देण्याचाच भाग आहे.