किशोरवयीन व्यसनाधीनता आणि मदतीचे मार्ग : बेळगाव-निपाणी सीमाभागाच्या संदर्भात

प्रस्तावना

निपाणी हे तंबाखूचे गाव म्हणून दोन्ही राज्यांत ओळखले जाते. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथील तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले. तंबाखूच्या वखारी आणि घरोघरी वळली जाणारी बिडी यांवर या परिसरातील अनेक कुटुंबांची चूल पेटत आली आहे. ज्या वस्तूवर घर चालते, तिच्याकडे व्यसन म्हणून पाहणे सहजासहजी जमत नाही. म्हणूनच मावा किंवा मिश्रीकडे घरातील मोठ्यांचे दुर्लक्ष होते, आणि मुलगा दारू किंवा गांजापर्यंत पोचला की मात्र घर एकाएकी हादरते. मधल्या काळात मदत मिळू शकली असती, पण ती कोणी मागितलेली नसते. ही मदत कोठे मिळते आणि तेथपर्यंत विद्यार्थ्याला पोचविण्यात शिक्षकाची भूमिका कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते १७ वयोगटातील सुमारे १.३ टक्के मुले दारू घेत होती. हुंगण्याच्या पदार्थांचे, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन इत्यादींचे प्रमाण मुलांमध्ये १.१७ टक्के, तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के आढळले. मुलांमध्ये प्रौढांपेक्षा अधिक आढळणारा हा एकमेव प्रकार होय. हे पदार्थ स्वस्त असतात व स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. त्यांच्या सेवनाने हृदयाची गती बिघडून अचानक मृत्यूही ओढवू शकतो.

शाळकरी मुलांच्या तंबाखूसेवनाविषयीच्या २०१९ च्या जागतिक पाहणीत भारतातील १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखूचे सेवन करीत असल्याचे सांगितले. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये व कर्नाटकाने २०१३ मध्ये बंदी घातली. तरीही पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी विक्री अनेक ठिकाणी आढळते.

सर्वांत बोलका आकडा उपचाराचा आहे. याच राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाला होता. औषध व डॉक्टर यांची कमतरता हे त्याचे एक कारण आहे. लपवालपवी हे दुसरे.

मदत का मागितली जात नाही?

मुस्लिम कुटुंबांत नशा हराम मानली जाते. या मर्यादेमुळे अनेक मुले व्यसनापासून दूर राहतात. परंतु एखादा मुलगा त्यात सापडला, तर हीच गोष्ट कुटुंबाच्या तोंडावर कुलूप लावते. 'आपल्या घरात असे होतच नाही' या भूमिकेमुळे आजार लपविला जातो. बहिणीचे लग्न अडेल, मोहल्ल्यात नाव जाईल ही भीती त्यात असते. इतर समाजांतही कारणे थोड्याफार फरकाने हीच आहेत. नशा करणे चुकीचे आहे आणि नशेत अडकलेल्यास उपचाराची गरज आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे पालकांना समजावून सांगावे लागते.

लपवालपवीतून घरगुती उपाय सुरू होतात. मुलाला कसम घालणे, कोंडून ठेवणे, 'दारू सोडविणारी' पूड न सांगता जेवणात मिसळणे हे त्यांपैकी काही. यांतील शेवटचे दोन धोकादायक आहेत. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर फिट येऊ शकते किंवा भ्रम होऊ शकतो. अशा पुडीत डायसल्फिराम असेल आणि मुलगा त्यावर दारू प्याला, तर जिवावर बेतू शकते.

शिक्षकाचे पहिले संभाषण

हजेरी घटणे, गुण घसरणे, पैशांची सतत गरज, मित्र बदलणे, झोप व स्वभाव यांतील बदल ही लक्षणे शिक्षकाच्या नजरेस प्रथम पडतात. ती नैराश्याची किंवा घरच्या अडचणींचीही असू शकतात. म्हणून आरोप न करता विचारपूस करावी.

१. विद्यार्थ्याशी एकांतात, त्याच्या भाषेत बोलावे. घरी मराठी किंवा दखनी बोलणारा मुलगा मनातले त्याच भाषेत सांगेल.
२. काय घेतो, कधीपासून, किती वेळा, एकटाच घेतो का, त्यामुळे अडचणीत आला का, हे शांतपणे विचारावे.
३. ऐकलेले स्टाफरूममध्ये सांगू नये. मात्र जिवाला धोका असल्यास पालकांना व डॉक्टरांना सांगावे लागेल, हे आधीच स्पष्ट करावे.
४. बेशुद्धी, फिट, श्वासाचा त्रास किंवा आत्महत्येची भाषा आढळल्यास संभाषण थांबवून थेट रुग्णालय गाठावे.
५. नाव कमी करण्याची घाई करू नये. महाविद्यालय सुटले की मुलाला बांधून ठेवणारा शेवटचा धागाही तुटतो.

मदतीची ठिकाणे

पहिला मार्ग दूरध्वनीचा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत बोलता येते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. ते सूचनाफलकावर कायम असावेत.

दुसरा मार्ग शासकीय रुग्णालयाचा. कर्नाटकात किशोरवयीनांसाठी 'स्नेह क्लिनिक' आहेत. बेळगावात जिल्हा रुग्णालय व त्यास जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. अधिक गुंतागुंत असल्यास धारवाडची डिमहान्स संस्था आणि बेंगळुरूच्या निमहान्सचा व्यसनोपचार विभाग आहे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळचे असल्याने तेथील शासकीय रुग्णालयाचाही विचार होऊ शकतो. मात्र एका राज्याच्या आरोग्य योजनेची सवलत दुसऱ्या राज्यात मिळेलच असे नाही. ती चौकशी आधी करावी. मराठीतून समुपदेशनाची दीर्घ परंपरा असलेले पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झाले.

खाजगी केंद्र निवडताना तेथे मनोविकारतज्ज्ञ आहे का, नोंदणी आहे का, अल्पवयीनांची सोय प्रौढांपासून वेगळी आहे का, हे पाहावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अल्पवयीनास दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते. मारहाण करणारे किंवा पालकांना भेटू न देणारे केंद्र टाळावे.

कायद्याची बाजू

पोलिसांच्या भीतीने अनेक पालक मागे हटतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीस खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उलट, मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कर्नाटकात २०२५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने तंबाखू खरेदीचे किमान वय २१ केले आहे. महाविद्यालयाच्या दारातील टपरीविषयी संस्थेने लेखी तक्रार करण्यास हा पुरेसा आधार आहे.

समारोप

उपचारानंतर पुन्हा सेवन होणे हे या आजारात वारंवार घडते. त्याला अपयश समजून मुलाला सोडून देणे योग्य नाही. उपचार पुन्हा सुरू करावा. प्रत्येक महाविद्यालयाने एक जबाबदार शिक्षक, जवळच्या रुग्णालयातील एक ओळखीचा डॉक्टर आणि परतणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात पुन्हा सामावून घेण्याची पद्धत लेखी ठरवून ठेवावी. यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. सीमाभागातील मुलाला दोन राज्यांतील रुग्णालये उपलब्ध आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या दारापर्यंत त्याच्यासोबत जाणारे माणूस मात्र बहुधा शिक्षकालाच व्हावे लागते.