काट्याची जखम व दुसरा दिवस

बाभळीचा काटा किंवा गंजका खिळा पायात रुतला असता जखमेचे तोंड मोहरीएवढेच दिसते व रक्तही फारसे येत नाही. त्यामुळे तिकडे सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः धोका या लहान तोंडातच आहे. काटा जंतूंना खोलवर नेऊन ठेवतो आणि वरची त्वचा लवकर मिटते. मग स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस यांसारखे जंतू आत वाढू लागतात.

जखम होताच ती स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने नीट धुवावी. काट्याचे टोक वर दिसत असल्यास स्वच्छ चिमट्याने काढावे; सुईने खोल कोरू नये. रुईचा चीक, चुना, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. बिब्ब्याचा चटका तर मुळीच देऊ नये. त्याने कातडी भाजून फोड येतो आणि आतील बिघाड ओळखणे कठीण होते.

दुसऱ्या दिवशी दुखणे उतरणीस लागावयास हवे. ते वाढले, तर जखम चिघळत आहे असे समजून मुलास डॉक्टरांकडे पाठवावे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही; म्हणून हाताच्या मागील बाजूने दोन्ही पायांना स्पर्श करून कोणता अधिक ऊन लागतो ते पाहावे. सुजेच्या कडेने पेनने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. सूज किती वेगाने पसरते हे डॉक्टरांस त्यावरून कळते. ताप भरला, पायावर लाल रेषा चढू लागली किंवा जांघेत अवधाण आले, तर एक तासही दवडू नये.

शिक्षक असताना, लंगडण्याचे सोंग करतो असे समजून मी एका मुलास कवायतीत उभे केले होते. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. तळव्यात गळू झाले होते. चीर देऊन पू काढला तेव्हा अर्ध्या इंचाचा काटा निघाला. पुढे लंगडणाऱ्या मुलाचा पाय पाहिल्याखेरीज मी त्यास रांगेत उभे केले नाही.

पू साठला असता केवळ गोळ्यांनी भागत नाही, आणि आत तुकडा राहिला तर जखम पुनःपुन्हा वाहते. प्रतिजैविक औषध डॉक्टर देतील तेच व तितके दिवस घ्यावे. घरातील उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. खिळा बुटाच्या तळातून गेला असल्यास तसे आवर्जून सांगावे, कारण ओलसर तळात निराळ्या जातीचे जंतू असू शकतात.

धनुर्वाताचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. त्याची लस पाच ते सहा, दहा व सोळा या वयांत दिली जाते. जखमी मुलाबरोबर त्याचे लसीकरणाचे कार्ड अवश्य पाठवावे. ते न मिळाल्यास तसेही डॉक्टरांस कळवावे.