तालाच्या खेळाची पहिली ओळख

संगीत ऐकणे ही एक गोष्ट आहे आणि त्याच्या तालात राहणे ही दुसरी. संगणकावरील तालखेळांचा संबंध या दुसऱ्या गोष्टीशी येतो. हे खेळ १९९६ ते १९९८ या काळात जपानमध्ये लोकप्रिय झाले आणि पुढे आंतरजालावरही आले. आज त्यांतील अनेक खेळ संगणकावर वेगळे काही न बसवता ब्राउझरमध्येच खेळता येतात. त्यांची मांडणी बहुधा सारखीच असते. गाणे सुरू होते, पडद्यावर वरून खुणा उतरू लागतात आणि खूण तळाच्या रेषेला टेकते त्याच क्षणी नेमलेली कळ दाबावयाची असते. क्षण जितका अचूक साधेल तितके गुण अधिक.

नवशिका खेळाडू खूण रेषेवर आलेली पाहतो आणि मग कळ दाबतो. परंतु डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास माणसाला साधारणपणे सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. मिनिटाला १२० ठोके पडणाऱ्या गाण्यात दोन ठोक्यांमधील अंतर अवघे अर्धा सेकंद असते. म्हणजे केवळ पाहून दाबणारा जवळजवळ अर्धा ठोका मागे पडणार. वेळ साधावयाची तर पुढचा ठोका पडण्यापूर्वीच त्याची जाणीव मनात असली पाहिजे.

ही पूर्वजाणीव अंगी कशी बाणते, हे म्हैसूरमध्ये चांगले पाहावयास मिळते. विख्यात गायक बिडारम कृष्णप्पा यांनी तेथे उभारलेल्या राममंदिरात रामनवमीच्या निमित्ताने कर्नाटक संगीताच्या मैफली होतात. अशा मैफलीत गायक मांडीवर हाताने ताल धरतो आणि श्रोत्यांतील जाणकारही तो धरतात. आदि ताल आठ अक्षरांचा आहे. पहिल्या अक्षराला टाळी द्यावयाची. पुढील तिहींना करंगळी, अनामिका आणि मध्यमा मोजावयाची. त्यानंतर एक टाळी व हात उलटा, पुन्हा एक टाळी व हात उलटा. अशी चार, दोन आणि दोन अक्षरांची विभागणी होते. तीनतालात नवव्या मात्रेवरील खाली ज्याप्रमाणे समेकडे परतण्याचे भान देते, त्याचप्रमाणे येथे हात आवर्तनातील आपले स्थान दाखवीत राहतो.

तालखेळाचा आरंभही असाच करावा. प्रथम पडद्याकडे न पाहता गाणे दोनदा ऐकावे आणि हाताने ठोका धरावा. तो स्थिर झाल्यावरच कळांवर बोटे ठेवावीत व सर्वांत सोपी पातळी निवडावी. कर्नाटक संगीताच्या प्राथमिक पाठांची परंपरा पुरंदरदासांपर्यंत नेली जाते. त्या पाठांत हाताचा ताल न बदलता एका अक्षरात प्रथम एक, मग दोन, मग चार स्वर म्हणतात. खेळातील कठीण पातळ्याही पुष्कळदा अशाच असतात: गाण्याची गती तीच राहते, खुणा मात्र दाट होतात. पहिली पायरी पक्की न करता तिसरीवर उडी घेणाऱ्याची फसगत दोन्हीकडे सारखीच होते.

आणखी एक अडचण यंत्राची आहे. बिनतारी श्रवणयंत्रातून ध्वनी कानी पोहोचण्यास उशीर लागतो. हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असला तरी उत्तम ताल असलेल्या मुलाचेही गुण घसरतात आणि घरातील मंडळी त्याला ‘बेताल’ ठरवून मोकळी होतात. लहानपणी चिकटलेला असा शिक्का सहजासहजी पुसला जात नाही. म्हणून निवाडा करण्यापूर्वी चुका तपासाव्यात. प्रत्येक ठोका एकाच बाजूला आणि जवळजवळ तेवढ्याच अंतराने चुकत असेल, तर दोष बहुधा यंत्राचा असतो. चुका कधी आधी, कधी नंतर अशा विखुरलेल्या असतील, तर सरावाची गरज आहे. पुष्कळ खेळांत हा उशीर मोजून दुरुस्त करण्याची सोय असते. तारेचे श्रवणयंत्र वापरल्यानेही तो बराच कमी होतो.

या खेळाची मर्यादाही ध्यानात ठेवावी. मैफलीत मृदंगवादक गायकाचा कल ओळखून त्याला साथ देतो. यंत्र कोणासाठी थांबत नाही आणि कोणाला सावरूनही घेत नाही. ते केवळ क्षण मोजते. परंतु पुढचा ठोका मनात आधी ऐकण्याची सवय त्याच्या संगतीत लागली, तर ती पडदा मिटल्यावरही कामी येते.