मैदान आपले, पण क्लब कोणाचा?

पुण्यातील बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. २०१४ पासून तेथील मैदानावर 'एफसी पुणे सिटी' हा संघ इंडियन सुपर लीगचे सामने खेळत असे. 'ऑरेंज आर्मी' या नावाने ओळखले जाणारे त्याचे समर्थक ढोल घेऊन प्रेक्षागृहात बसत. २०१९ साली हा संघ बंद झाला. त्याची लीगमधील जागा नव्या मालकांनी घेतली आणि ती हैदराबादला नेली. पुढे २०२५ साली हैदराबादचाही संघ तेथून उठला व दिल्लीला गेला. पुण्याच्या माणसांनी ज्या संघासाठी घसा कोरडा केला, त्याची जागा सहा वर्षांत दोन शहरे ओलांडून गेली. या प्रवासात प्रेक्षकांना कोणी काही विचारले नाही.

संकटात सापडलेल्या क्लबला विकत घेण्यासाठी कोणी पुढे आले की, समर्थकांना आनंद होण्याऐवजी शंका येते. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. बुडणाऱ्याला हात देणाऱ्याकडे संशयाने का पाहावे? ही शंका कोठून येते, ती कितपत रास्त आहे आणि आपल्यासाठी तिच्यात काय बोध आहे, हे या लेखात पाहू या.

नाशिककरांना हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. आपल्या जिल्ह्यात निफाड व नाशिक हे सहकारी साखर कारखाने कर्जात बुडून बंद पडले, तेव्हा ते चालवायला घेण्याची तयारी दाखवणाऱ्यांकडे ऊस उत्पादक सभासद आणि कामगार अशाच नजरेने पाहत. याला खरोखर गाळप करायचे आहे, की कारखान्याच्या जमिनीवर याचा डोळा आहे? फुटबॉलचा समर्थक हेच विचारतो. फरक एवढाच की, कारखान्याच्या सभासदाकडे निदान भागाचा दाखला असतो. समर्थकाकडे केवळ तिकिटाचा तुकडा असतो.

विकत घेणारा नेमके काय घेतो?

व्यावसायिक फुटबॉल क्लब ही कायद्याच्या दृष्टीने बहुधा एक कंपनी असते. तिच्या मालकीत खेळाडूंचे करार, संघाचे नाव, बोधचिन्ह आणि स्पर्धेत खेळण्याचा हक्क एवढ्या गोष्टी येतात. आपल्याकडे मैदान बहुतेक वेळा शासनाचे वा महापालिकेचे असते. बालेवाडीचे संकुलही शासनाचे आहे. म्हणजे क्लबचा मालक मैदान भाड्याने घेतो आणि मन मानेल तेव्हा सोडू शकतो.

उत्पन्नाची बाजूही लंगडी असते. खेळाडूंचे पगार, प्रवास, मैदानाचे भाडे आणि स्पर्धेचे शुल्क हा खर्च ठरलेला. तिकिटांची विक्री व प्रायोजकांचे पैसे मात्र अनिश्चित. तूट मालकाने आपल्या दुसऱ्या धंद्यातून भरून काढायची. त्यामुळे धंद्याला सर्दी झाली की क्लबला खोकला येतो. अशा वेळी मालक घाईने गिऱ्हाईक शोधतो. गरजवंताला अक्कल नसते, या म्हणीप्रमाणे तो येईल त्याच्या हाती किल्ल्या देतो. समर्थकाची भीती येथून सुरू होते.

पुण्याचा अनुभव

पुण्याने हा अनुभव थोड्या वर्षांत अनेकदा घेतला. २००७ साली अशोक पिरामल समूहाने 'पुणे एफसी' हा क्लब स्थापन केला. आय-लीगच्या पहिल्याच हंगामात, म्हणजे २००९-१० मध्ये, तो तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. मुलांना खेळ शिकवणारी त्याची अकादमीही नावाजलेली होती. २०१५ मध्ये मालकांनी क्लब विक्रीस काढला. मुख्य संघाला गिऱ्हाईक मिळाले नाही व तो संपला. अकादमी पुढे एफसी पुणे सिटीने घेतली. कल्याणी समूहाचा 'भारत एफसी' २०१४-१५ हा एकच हंगाम खेळला. 'डीएसके शिवाजियन्स' २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि दोन हंगामांनंतर बाहेर पडला. त्याचा बांधकाम व्यवसायातील मालक समूहच आर्थिक अडचणीत आला होता.

उरला एफसी पुणे सिटी. २०१७-१८ मध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली. त्याची मालकी वाधवान कुटुंबाच्या समूहाकडे होती. याच कुटुंबाच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये बरखास्त केले. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी येणार हे जाहीर झाले होते.

नव्या मालकांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या संघाने मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्डा येथे अंतिम सामना जिंकून लीगचे विजेतेपद मिळवले, हेही सांगितले पाहिजे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत खेळाडूंचे पगार थकले व अनेक खेळाडू सोडून गेले. २०२४ मध्ये बी. सी. जिंदल समूहाने क्लब घेतला आणि २०२५ मध्ये तो 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' झाला. म्हणजे विजेतेपदही क्लबला त्याच्या गावी बांधून ठेवू शकले नाही.

केवळ श्रीमंत मालक मिळाला म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के भाग घेतले. भारतीय लीगचा व्यापारी करारच संपुष्टात आला, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये या समूहानेही काढता पाय घेतला.

पुणेकर जेव्हा खरेदीदार होतात

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. पुण्याच्या व्यंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना क्लब विकत घेतला. १९९५ साली इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवणारा हा क्लब. कुक्कुटपालनाच्या धंद्यातील पुण्याच्या कुटुंबाला फुटबॉलचे काय कळणार, अशी शंका तेथील लोकांनी घेतली. महिन्याभरात अनुभवी व्यवस्थापक सॅम अलार्डाइस यांना काढण्यात आले, तेव्हा ती शंका बळावली. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबर्नचा संघ बालेवाडीत येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्याच रात्री कोणा संतप्त समर्थकाने मैदानात जिवंत कोंबडी सोडली. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी खाली गेला व पुढील वर्षी पुन्हा वर चढला.

मालकांनी क्लबमध्ये पैसा ओतला नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. तोटा वर्षानुवर्षे त्यांनीच भरला. तरीही रोष शमला नाही. हजारो मैल दूर राहून, गावाशी न बोलता निर्णय घेणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, हे तेथील लोकांचे गाऱ्हाणे होते. आपल्या माणसांकडे परक्या देशात कोणत्या नजरेने पाहिले गेले, हे आपण समजून घेतले, तर आपल्याकडे येणाऱ्या खरेदीदाराला काय विचारावे हेही कळेल.

समर्थकांचे चार प्रश्न

पहिला प्रश्न: पैसा कोणाचा आणि किती? इंग्लंडमधील बरी हा क्लब १८८५ साली स्थापन झाला. डिसेंबर २०१८ मध्ये तो अवघ्या एका पौंडाला विकला गेला. नवा मालक खर्चासाठी लागणारा पैसा दाखवू शकला नाही. ऐनवेळी दुसरा खरेदीदार पुढे आला, लोकांनी आशेने मैदान झाडून-पुसून ठेवले. पण त्याने हिशेब पाहून माघार घेतली. २७ ऑगस्ट २०१९ रोजी बरीला लीगमधून काढण्यात आले.

दुसरा प्रश्न: क्लब येथेच राहील का? लंडनच्या विम्बल्डन क्लबला २००२ साली मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जाण्याची परवानगी मिळाली. तेव्हा समर्थकांनी स्वतःचा 'एएफसी विम्बल्डन' क्लब काढला, उघड्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि नवव्या श्रेणीपासून आरंभ केला. २०११ मध्ये हा क्लब मुख्य लीगमध्ये पोहोचला व २०२० मध्ये आपल्या जुन्या परिसरातील नव्या मैदानावर परतला.

तिसरा प्रश्न: नाव, रंग आणि बोधचिन्ह राहील का? कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या फुटबॉल विभागाचे ८० टक्के भाग २०२० मध्ये एटीके संघाच्या मालकांनी घेतले आणि 'एटीके' ही अक्षरे नावापुढे जोडली. समर्थकांनी तीन वर्षे विरोधाचे फलक धरले. २०२३ मध्ये ती अक्षरे गेली.

चौथा प्रश्न: कराराच्या कागदात काय लिहिले आहे? ईस्ट बंगालच्या पदाधिकाऱ्यांनी गुंतवणूकदाराच्या अंतिम करारावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा जुलै २०२१ मध्ये समर्थक दोन गटांत विभागून क्लबसमोर उभे ठाकले व पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. कागद आधी लोकांसमोर मांडला असता, तर भावाभावांत ही वेळ आली नसती.

शंका चुकीचीही ठरते

शंका घेणे रास्त असले, तरी ती नेहमी खरी ठरते असे नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८८७ साली मारिस्ट संघाचे धर्मबंधू वॉलफ्रिड यांनी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिक क्लबची स्थापना केली. गरीब आयरिश मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करणे हा त्यामागील हेतू होता. मार्च १९९४ मध्ये हा क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. फर्गस मॅकॅन या उद्योजकाने तो वाचवला, समर्थकांना भाग विकले आणि साठ हजार आसनांचे मैदान उभारले. मात्र हा मनुष्य हात राखून खर्च करी. त्यामुळे १९९८ साली विजेतेपदाचा ध्वज फडकवताना काही समर्थकांनीच त्याची हुर्यो केली. पाच वर्षांनी जाईन असे त्याने सांगितले होते. १९९९ मध्ये तो शब्दाप्रमाणे गेला आणि जाताना आपले भाग त्याने प्रथम समर्थकांपुढे ठेवले. आज ग्लासगोत त्याचे नाव आदराने घेतले जाते.

चांगल्या मालकाची खूण येथे सापडते. त्याने किती पैसा ओतला यापेक्षा, काय बोलला आणि काय केले यांत अंतर राहिले नाही, ही गोष्ट मोठी. म्हणून समर्थकाने शंका घ्यावी, पण उत्तर ऐकण्याची तयारीही ठेवावी.

उपाय काय?

जर्मनीत एक नियम आहे: क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत. काही अपवाद सोडले तर तेथे कोणा एका धनिकाला क्लब उचलून नेता येत नाही. इंग्लंडने २०२५ साली कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. खरेदीदाराचा पैसा व चारित्र्य तपासणे, तसेच मैदान विकण्यापूर्वी वा गाव बदलण्यापूर्वी परवानगी घ्यायला लावणे, ही त्याची कामे. आपल्या देशात परवाना देताना फुटबॉल महासंघ क्लबची आर्थिक कागदपत्रे पाहतो. पण क्लब विकताना समर्थकांचे मत घेण्याचे बंधन मालकावर नाही.

मोहन बागानचे नाव परत आले आणि पुण्याचा संघ मात्र परत आला नाही, असे का? मोहन बागान हा १८८९ पासूनचा सभासदांचा क्लब आहे. तेथे लोकांना उभे राहण्यासाठी स्वतःचे अंगण होते. पुण्यात समर्थक होते, सभासद नव्हते. गोव्यातही असेच दिसते. धेम्पो क्लबने २०१६ मध्ये आय-लीग सोडली, पण तो गावाच्या मातीत रुजलेला असल्याने स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला आणि २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

आमच्या मते यातून घेण्याजोगा धडा छोट्या मंडळांसाठी अधिक मोलाचा आहे. शाळेच्या पटांगणात, वस्तीत वा धर्मग्रामाच्या आवारात तरुणांचे संघ उभे राहतात. पुढे कोणी देणगीदार येतो आणि हळूहळू मंडळ त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागते. असे मंडळ संस्था नोंदणी कायद्याखाली व सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवलेले असेल, तर त्याची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही आणि हिशेबही दरवर्षी सादर करावा लागतो. मंडळाचे नाव, रंग व मैदान याविषयीचे नियम घटनेत लिहून ठेवावेत, सभासदांची नोंदवही अद्ययावत असावी आणि देणगीदाराचे आभार मानताना त्याच्या अटी सभेत वाचून दाखवाव्यात. ही कामे कंटाळवाणी खरी. पण वाईट दिवस आले की हेच कागद आपल्या बाजूने बोलतात.

बालेवाडीचे मैदान आजही तेथेच आहे. त्या ढोलांच्या आवाजाने एके काळी दणाणून गेलेल्या आसनांवर बसणाऱ्यांनी प्रेमात काही कमी केले नव्हते. त्या प्रेमाची नोंद कोठल्याही कागदावर झाली नाही, एवढेच कमी पडले.