‘कनेक्टिंग…’वर अडकलेला ईएसपी३२ : बोर्ड उडाला म्हणण्याआधी एवढं बघा

रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात शेजारच्या वहिनींचा मुलगा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात बुटाचं खोकं, त्यात प्रोजेक्ट.

“काका, बोर्ड उडाला. उद्या एक्स्टर्नल येणारेत.”

प्रोजेक्ट नेहमीचाच, पण कामाचा. मातीत ओलावा मोजणारा सेन्सर, मधे ईएसपी३२ चा बोर्ड, आणि माती कोरडी झाली की रिलेमार्फत मोटर सुरू. मी विचारलं, नक्की काय झालं? तर म्हणाला, “चालतंय तसं. पण रिले उलटा चालतोय. माती ओली असली की मोटर चालू, कोरडी झाली की बंद. कोडमध्ये हाय-लोची अदलाबदल केली, तर अपलोडच होईना. कनेक्टिंग, कनेक्टिंग, नुसते ठिपके येतात आणि एरर. दोन तास झाले.”

आता खरं सांगतो, त्याच्या या बोलण्यातच उत्तर होतं. पण मी ते ऐकलंच नाही. मी आधी त्याची केबल काढून घेतली. त्यालाही कारण आहे.

मागच्या वर्षी अशाच एका मुलाने मला बोर्ड दाखवला होता. लाल दिवा लागत होता, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नव्हता. मी पाच मिनिटं बघितलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, “गेला रे हा, नवीन घे.” त्याने मेसच्या पैशांतून नवीन घेतला. जुना माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून राहिला. तीन महिन्यांनी सहज दुसऱ्या केबलने जोडला, तर पठ्ठ्या ठणठणीत. खराब होती ती केबल. म्हणजे खराबसुद्धा नाही, ती फक्त चार्जिंगची होती.

दिव्यावर विश्वास ठेवू नका

यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारा असतात आणि डेटा नेणाऱ्या दोन. स्वस्तातल्या बऱ्याच चार्जिंग केबलींमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. बोर्डाला वीज मिळते, दिवा लागतो, आधी घातलेला कोडही चालतो. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने तिथे काहीच जोडलेलं नसतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात पोर्ट्सची यादी बघा. बोर्ड काढा, लावा, परत काढा. यादीत काहीतरी येतंय-जातंय का? काहीच हललं नाही तर केबल बदला. ज्या केबलने मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर घेता येतात, ती केबल चालते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पिवळ्या त्रिकोणासह काहीतरी दिसलं, तर केबल बरोबर आहे, ड्रायव्हर नाही. या बोर्डांवर मुख्य चिपशिवाय आणखी एक छोटी चिप असते. ती यूएसबीची भाषा ईएसपी३२ ला समजणाऱ्या सिरियल भाषेत बदलते, दुभाषी म्हणा ना. आपल्याकडच्या बोर्डांवर ती बहुधा सीपी२१०२ किंवा सीएच३४० असते. भिंग घेऊन त्या चिपवरचं नाव वाचा आणि त्याच कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. उगीच ‘ऑल ड्रायव्हर पॅक’ वगैरे डाउनलोड करत बसू नका.

लिनक्सवाल्यांसाठी दोन गोष्टी. परवानगी नाकारली असं आलं, तर तुमचा युजर डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. आणि उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा पोर्ट क्षणभर दिसून गायब होत असेल, तर तो बीआरएलटीटीवाय या प्रोग्रामचा प्रताप आहे. हा प्रोग्राम अंधांसाठीच्या ब्रेल उपकरणांसाठी आहे, तो आपल्या बोर्डालाही तसंच उपकरण समजून ताब्यात घेतो. ब्रेल उपकरण वापरत नसाल तर तो काढून टाका.

आमच्या या बोर्डाचा पोर्ट मात्र व्यवस्थित दिसत होता. केबल निर्दोष. माझा अंदाज पहिल्याच फटक्यात चुकला.

एरर नीट वाचा

ठिपक्यांनंतर जी लाल ओळ येते ती आपण कुणी वाचत नाही. लाल दिसलं की संपलं! पण तीच सगळ्यात उपयोगी आहे.

पोर्ट उघडता येत नाही असं म्हणत असेल, तर दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामने पोर्ट धरून ठेवलाय. बहुतेक वेळा दुसऱ्या खिडकीत उघडा राहिलेला सिरियल मॉनिटर. ‘नो सिरियल डेटा रिसीव्हड’ असं असेल, तर पलीकडून एक अक्षरही आलेलं नाही. चुकीचा पोर्ट निवडलाय का, टीएक्स-आरएक्सच्या पिनांना, म्हणजे जीपीआयओ १ आणि ३ ला, काही जोडलंय का, ते बघा. अपलोड याच दोन पिनांवरून होतो. तिथे जीपीएस किंवा ब्लूटूथ मॉड्यूल लावलं की दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच काही कळत नाही.

आणि ‘राँग बूट मोड डिटेक्टेड’ असं आलं, तर पेढे वाटा. कारण चिप जिवंत आहे आणि तुमच्याशी बोलतेय. फक्त ती ऐकायच्या मनःस्थितीत नाही.

आमच्याकडे हेच आलं होतं.

चिप उठते तेव्हा काय करते

हे एकदा समजलं की अर्धी भीती जाते. ईएसपी३२ ला वीज मिळाली किंवा रिसेट झाला, की ती त्याच क्षणी आपल्या काही ठरावीक पिनांकडे बघते. जीपीआयओ ० वर व्होल्टेज असेल तर ‘नेहमीचा कोड चालवा’. तो पिन ग्राउंडला जोडलेला सापडला तर ‘नवीन कोड येतोय, थांबा’. झालं. त्यानंतर त्या पिनांवर काय होतं याचं तिला या बाबतीत देणंघेणं नाही.

नवीन कोड घेणारा हा छोटा प्रोग्राम चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. तुमच्या कोडमध्ये कितीही घोळ असू दे, तो पुसला जात नाही. म्हणून ‘चुकीचा कोड टाकला आणि बोर्ड मेला’ असं साध्या स्केचने होत नाही. मुलं या भीतीने रडकुंडीला येतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

बोर्डावरचं बूट बटण म्हणजे जीपीआयओ ० ला ग्राउंड करणारं बटण, आणि ईएन बटण म्हणजे रिसेट. अपलोडच्या वेळी ही दोन बटणं दाबायचं काम यूएसबीवाली चिप दोन ट्रान्झिस्टरांच्या मदतीने आपोआप करते. काही बोर्डांवर यात वेळेचा घोळ होतो, रिसेट आधी सुटतो आणि जीपीआयओ ० नंतर खाली येतो. मग आपण हाताने करायचं: बूट दाबून धरा, ईएन दाबून सोडा, मग बूट सोडा, आणि अपलोड द्या. अपलोड झाल्यावर एकदा ईएन दाबा. दरवेळी हे करायचा कंटाळा आला तर ईएन आणि ग्राउंडच्या मधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस बाजू ईएनकडे. ईएन थोडा उशिरा वर येतो आणि बहुतेक बोर्ड सुतासारखे सरळ होतात.

आम्ही बटणांचा हा खेळ चार वेळा केला. काही नाही! पोराचा चेहरा उतरला. तो घड्याळाकडे बघत होता आणि मला ड्रॉवरमधला तो बोर्ड आठवत होता.

एका आकड्याने घात उघडा पाडला

मग सिरियल मॉनिटर उघडला, वेग ११५२०० ठेवला आणि ईएन दाबला. चिप उठताना एक ओळ छापते, त्यात ‘बूट’ शब्दापुढे एक आकडा असतो. नेहमी तिथे ०एक्स१३ असतं. इथे होतं ०एक्स१बी.

हा आकडा म्हणजे उठतानाच्या क्षणाचा पिनांचा फोटो. प्रत्येक पिनाला त्यात एक वजन आहे. जीपीआयओ २ चं वजन ८. १३ मधल्या ३ मध्ये ८ मिळवले की ११, आणि हेक्समध्ये ११ म्हणजे बी. म्हणजे जीपीआयओ २ वर व्होल्टेज होतं, जे तिथे असायला नको.

“रिले कुठल्या पिनला लावलायस रे?”

“डी२ ला. आधी त्याच पिनवरचा निळा एलईडी लावून बघितलं होतं ना, मग तिथेच रिले लावला.”

झालं, सापडलं. कोड घ्यायच्या मोडमध्ये जायला जीपीआयओ ० खाली असणं पुरत नाही, जीपीआयओ २ सुद्धा खाली किंवा मोकळा असावा लागतो. आणि आपल्याकडे मिळणारी ती निळ्या रिलेची मॉड्यूल बहुधा पिन खाली गेल्यावर चालू होणारी असतात. त्यांची इनपुट पिन आतल्या एलईडी आणि रेझिस्टरमधून ५ व्होल्टकडे ओढलेली असते. तीच जीपीआयओ २ ला वर धरून बसली होती. नेहमीचा कोड चालायला जीपीआयओ २ ची अडचण नाही, म्हणून प्रोजेक्ट चालत होता. नवीन कोड मात्र आत येत नव्हता. आणि रिले उलटा चालत होता तोही याच स्वभावामुळे! पोराने सुरुवातीलाच दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या.

मी डी२ ची वायर उपटली. बूट बटणाला हातसुद्धा न लावता पहिल्या फटक्यात अपलोड. पोरगं खुर्चीतून उठलंच.

“मग आता दरवेळी वायर काढायची?”

नाही. रिले जीपीआयओ २६ ला नेला, कोडमध्ये पिनचा नंबर बदलला, हाय-लो उलटं केलं, संपलं काम. २५, २६, २७, ३२, ३३ हे पिन या कामाला निर्धास्त वापरा. ०, २, ५, १२, १५ यांच्यापासून जमेल तेवढं लांब राहा. त्यातही १२ फार कावेबाज. उठताना तो वर असेल तर चिप समजते की आपली मेमरी १.८ व्होल्टची आहे, आणि ३.३ व्होल्टच्या मेमरीला कमी वीज देते. मग ‘फ्लॅश रीड एरर’चा पाऊस पडतो. तिथे रिले लावलात तर अपलोड सोडाच, बोर्ड सुरूच होणार नाही.

म्हणून अडलात की सगळ्यात आधी बोर्ड ब्रेडबोर्डवरून उचला आणि एकटाच यूएसबीला लावून बघा. मी हे पहिल्यांदा केलं असतं तर पाऊण तास वाचला असता.

खरंच मेलाय का?

एकट्या बोर्डावरही काही जमत नसेल तर अपलोडचा वेग ९२१६०० वरून ११५२०० करून बघा. तरी नाही, तर दुभाषी चिप तपासा: ईएन पिन वायरने ग्राउंडला जोडून मुख्य चिप झोपवा, टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडा, आणि सिरियल मॉनिटरमध्ये काहीही लिहून पाठवा. लिहिलेलं परत आलं तर केबल, ड्रायव्हर, दुभाषी सगळे बरोबर.

मग मल्टिमीटर काढा. ३.३ व्होल्टच्या पिनवर ३.३ येतंय का? वीज काढून तोच पिन ग्राउंडशी शॉर्ट दाखवतोय का? नुसतं यूएसबी लावल्यावर पत्र्याच्या डबीला बोट लावून चटका बसतोय का? ५ व्होल्ट चुकून व्हीआयएनऐवजी ३.३ च्या पिनला दिले असतील तर असं होतं. तेव्हा मात्र नवीन घ्या, इलाज नाही.

पोरगं साडेदहाला खोकं घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला, मोटर बरोबर चालली. ड्रॉवरमधला तो जुना बोर्ड मी मालकाला परत केला, सोबत डेटावाली केबलही दिली. नवीन बोर्डाचे पैसे देऊ केले तर घेईना. म्हणाला, “काका, दोन बोर्ड झाले, बरंच आहे.”